नंबर आधी सांग

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक विंडोच्या माथ्यावर एक पट्टी असते आणि त्या पट्टीत विंडोचं नाव लिहिलेलं असतं. डोळस माणूस ते क्वचितच वाचतो. खाली पत्र दिसतं, तक्ता दिसतो, फोटो दिसतो. मग वरची पट्टी कशाला वाचायची? विंडो सरकवताना माउसने धरायला ती पट्टी आणि बंद करायला कोपऱ्यातली फुली, एवढाच तिचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. पण जी माणसं संगणक कानाने वापरतात, त्यांचं काम त्या पट्टीपासूनच सुरू होतं. ऑल्ट आणि टॅब दाबून एका विंडोतून दुसरीत गेलं, की पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर सर्वांत आधी ते नाव उच्चारतो. आपण कुठे आलो, हे त्यांना कळतं ते तिथेच.

माझा दादा असा कानाने काम करतो. त्याची दृष्टी लहानपणीच गेली. एका निमसरकारी कार्यालयात तो आवक-जावक आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणं सांभाळतो. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. महागडे स्क्रीन रीडर विकत घेणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं अशा किती घरांमध्ये या दोघांमुळे नोकरी टिकली असेल! आमचं घर त्यांपैकीच एक.

दादाच्या कार्यालयातला प्रोग्रॅम जुना आहे. त्याच्या पाच-सहा विंडो एकाच वेळी उघड्या ठेवाव्या लागतात: आवक नोंद, जावक नोंद, प्रकरणाचा शोध, टिपणी, सेवापुस्तकातल्या नोंदी. सगळ्यांच्या माथ्यावर मजकूर मात्र एकच. आधी कंपनीचं नाव, मग प्रणालीचं, मग आवृत्ती, मग कार्यालयाचा संकेतांक आणि शेवटी लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्याचं नाव. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं त्यावाचून काही अडत नाही, कारण कुठली विंडो कुठली ते त्यांना खालच्या रकान्यांवरून दिसतं. दादाला ऑल्ट-टॅब दाबला की तेच लांबलचक वाक्य पुन्हा ऐकू येतं, आणि वाक्याच्या शेवटी त्याचं स्वतःचं नाव. मग टॅब दाबत पहिल्या रकान्यापर्यंत जायचं, रकान्याचं नाव ऐकायचं, ही ती विंडो नाही असं कळलं की पुढच्या विंडोत हेच सगळं. दिवसभर. त्याचा कामाचा वेग कमी आहे असा शेरा त्याला मिळाला, तेव्हा मला राग आला आणि आठवलं की अजूनही येतो. आपण कुठे आहोत हेच ज्याला सांगितलं जात नाही, त्याचा वेग कुणी आणि कसा मोजावा?

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना विचारून झालं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. तेव्हा मी ठरवलं, की प्रोग्रॅमला हात न लावता बाहेरूनच ती नावं बदलायची.

असं बदलता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. प्रोग्रॅम दुसऱ्याचा, विंडो त्याची, आतला मजकूर त्याचा. तरी तिच्या माथ्यावरचं नाव तिसराच कुणी बदलू शकतो. मी त्यासाठी ऑटोहॉटकी हे छोट्या स्क्रिप्ट लिहिण्याचं साधन वापरलं. क्रिस मॅलेट यांनी ते २००३ मध्ये लोकांपुढे आणलं. त्याआधी जॉनथन बेनेट यांचं ऑटोइट १९९९ पासून होतं. त्यात हॉटकीची सोय करावी, ही मॅलेट यांची सूचना फारशी कुणी उचलून धरली नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं साधन वेगळं काढलं. त्यात विनसेटटायटल नावाची आज्ञा आहे. कुठली विंडो आणि नवं नाव काय, एवढं सांगितलं की काम झालं. २०२२ च्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती आली आणि या दोन गोष्टींचा क्रम उलटा झाला: आता नवं नाव आधी लिहायचं आणि विंडोची ओळख नंतर. जुन्या स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

हे का जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे. विंडोचं नाव त्या प्रोग्रॅमच्या पोटात राहत नाही. विंडोज ते आपल्यापाशी एका ठरलेल्या जागी ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी याचं कारण फार छान समजावून सांगितलं आहे. उघड्या विंडोंची यादी करायची म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला ‘तुझं नाव काय’ असं विचारत बसलं आणि त्यांतला एखादा गोठलेला असला, तर विचारणाराही त्याच्यापाशी गोठून जाईल. म्हणून नाव अशा ठिकाणी ठेवायचं, की मालकाला न उठवता ते कुणालाही वाचता यावं. वाचता येतं तसं ते लिहिताही येतं. विंडोज स्वतः हे करते. एखाद्या प्रोग्रॅमने ५ सेकंद काहीच दाद दिली नाही, की ती त्याच्या जागी त्याच्यासारखी दिसणारी विंडो उभी करते आणि नावापुढे कंसात ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पुस्ती जोडते. विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. गोठलेला प्रोग्रॅम आपण गोठलो आहोत हे स्वतः सांगू शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी ते सांगावं लागतं. दादाला ती पुस्ती ऐकू आली की तो हात थांबवतो. नाही तर मुक्या पडद्यासमोर तो किती वेळ टंकत बसला असता!

स्क्रिप्टचा यंत्राशी संबंध येणारा भाग तसा सोपा होता. विंडो उघडली की तिच्या आतल्या रकान्यांतला मजकूर वाचायचा, त्यावरून ती कुठली हे ओळखायचं, प्रकरणाचा क्रमांक उचलायचा आणि त्यातून नाव बांधायचं. कस लागला तो नाव बांधताना. मी माझ्या सवयीने ‘आवक नोंद, प्रकरण क्रमांक अमुक’ असं लिहिलं. दादाने ऐकलं आणि म्हणाला, “नंबर आधी सांग.”

मला वाटलं, कुठल्या प्रकारची विंडो हे आधी कळायला हवं. तो म्हणाला, “अगं, मी एका प्रकरणाच्या मागे असतो ना! त्याचीच आवक, त्याचीच टिपणी. आधी माणूस कोण ते कळू दे.” निवृत्त होऊन पेन्शनची वाट पाहणारा कुणीतरी त्याच्या डोक्यात असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता म्हणजे तो क्रमांक. क्रमांकाची रचनाही मग उलटवावी लागली. सुरुवातीला कार्यालयाचा संकेतांक, मग वर्ष, मग अनुक्रमांक असा तो असतो. पहिले दोन भाग सगळ्यांचे सारखे, वेगळेपण शेवटच्या चार आकड्यांत. डोळा उडी मारून शेवटी जाऊ शकतो, कानाला मात्र सगळं ओळीने ऐकावं लागतं. म्हणून ते चार आकडे आधी आले आणि उरलेलं गाळूनच टाकलं.

त्यानंतर तो आणखी एक गोष्ट म्हणाला, जी मला कधीच सुचली नसती. आकडे सलग ठेवले तर वाचणारा आवाज ‘एक हजार चारशे अठ्ठ्याहत्तर’ असं म्हणतो. दादा ज्या वेगाने ऐकतो, त्या वेगात अठ्ठ्याहत्तर आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर एकमेकांत मिसळतात. आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडली की आवाज ‘एक, चार, सात, आठ’ म्हणतो आणि घोटाळा उरत नाही. मग आकडे सुटे केले. शेवटी ‘१ ४ ७ ८ टिपणी’ इतकं आखूड नाव उरलं. ‘टिपणी’चा पहिला उच्चार कानावर पडायच्या आत दादाचं बोट पुढच्या कळीवर गेलेलं असतं.

यात मला खूप शिकायला मिळालं, आणि ते सगळं दादाकडून. नाव छोटं असावं, हे कुणीही सांगेल. पण वेगळेपण सुरुवातीला यायला हवं, हे ऐकणाऱ्यालाच कळतं. मायक्रोसॉफ्टलाही हे एकदा उमगलं होतं, कारण वेगळं असलं तरी. विंडोज ३.१ मध्ये नोटपॅडच्या माथ्यावर आधी ‘नोटपॅड’ आणि मग फाइलचं नाव असे. १९९५ च्या विंडोजमध्ये तळाशी टास्कबार आला, त्यावरच्या बटणांत जेमतेम काही अक्षरं मावत, आणि सगळ्या बटणांवर ‘नोटपॅड’ एवढंच दिसून चालणार नव्हतं. तेव्हापासून फाइलचं नाव आधी आणि प्रोग्रॅमचं नंतर, अशी रीत पडली. ती डोळ्यांच्या सोयीसाठी पडली. कानांची सोय आपसूक झाली. दादाच्या कार्यालयातला प्रोग्रॅम त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेला. तरी बनवणाऱ्या कंपनीला स्वतःचं नाव पहिलं हवं होतं.

अडचणी आल्याच. पहिली म्हणजे नाव बदलतच नव्हतं. तो प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकारात चालत होता आणि माझी स्क्रिप्ट साध्या अधिकारात. विंडोज व्हिस्टापासून खालच्या अधिकारातल्या प्रोग्रॅमला वरच्या अधिकारातल्याच्या विंडोला असा हात लावता येत नाही. ही बंदी योग्यच आहे. मग दादाच्या साहेबांकडे रीतसर अर्ज केला, संगणक विभागाने स्क्रिप्ट वाचून पाहिली आणि परवानगी मिळाली. त्यांनी ती वाचून पाहिली, याचं मला समाधान वाटलं. अशा साधनांवर अँटिव्हायरस उगीच संशय घेतात, त्यामुळे लपूनछपून काही चालवण्यापेक्षा कागदावर असलेलं केव्हाही चांगलं.

दुसरी अडचण चिवट होती. प्रोग्रॅम मधूनमधून स्वतःचं नाव पुन्हा लिहीत होता. जतन करा म्हटलं की माथ्यावर पुन्हा कंपनीचं नाव. ऑटोहॉटकीच्या माहितीपत्रातच हे बजावलेलं आहे, की मालक प्रोग्रॅम वारंवार नाव बदलत असेल तर तुमचा बदल तात्पुरता ठरू शकतो. दर सेकंदाला तपासत राहणं हा एक उपाय, पण त्या सेकंदभरात दादाला जुनंच नाव ऐकू येणार. त्याहून बरा उपाय म्हणजे विंडोजलाच सांगून ठेवायचं, की कुठल्याही विंडोचं नाव बदललं की मला कळव. तशी सोय आहे. फक्त आपण केलेला बदलही त्याच वाटेने आपल्याला कळवला जातो. तो ओळखून सोडून दिला नाही, तर स्क्रिप्ट स्वतःच्याच मागे अखंड धावत राहते.

आणि नाव बदलल्यावर ती विंडो शोधायची कशी? जुन्या नावाने ती आता सापडणार नाही. विंडोज विंडोला नावाने ओळखतच नाही. विंडो जन्मली की तिला एक क्रमांक मिळतो, तो ती बंद होईपर्यंत तिच्याकडे राहतो आणि नाव कितीही वेळा बदललं तरी तो बदलत नाही. स्क्रिप्टने तो धरून ठेवायचा.

हे लिहिताना मला आमच्या आजीची आठवण येत असे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं, आणि तिला कुणी विचारलं नाही. सासरच्या कागदांवर ते नवं नाव. शाळेच्या दाखल्यावर जुनं. तिचे भाऊ होते तोवर जुन्या नावाने हाक मारणारं कुणीतरी होतं. पुढे ती हाकही थांबली. माणसाचं नाव त्याला न विचारता बदलणं हा मला अन्याय वाटतो, परंपरा कितीही जुनी असो. विंडोला मन नसतं, तिला विचारायचा प्रश्न नाही. पण तिच्यासमोर बसणाऱ्याला मन असतं, आणि त्याला विचारल्याशिवाय तिचं नाव ठरवू नये असं मला वाटतं. ज्याला ते दिवसभर ऐकायचं आहे, त्याचा त्यावर पहिला हक्क आहे.

या हक्काला मर्यादाही हवी, कारण नावावर विसंबणारे इतरही असतात. काही कार्यालयांत कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम कुणी कुठली विंडो किती वेळ उघडी ठेवली, हे नावावरून नोंदवतात. खेळाच्या विंडोला हिशेबाच्या तक्त्याचं नाव देऊन त्यांना फसवता येईल. कीपाससारखा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम कुठला पासवर्ड टंकायचा हे विंडोच्या नावावरून ठरवतो. तिथे खोटं नाव लावणं म्हणजे किल्ली भलत्याच्या हाती देणं. काही प्रोग्रॅम आपली एक प्रत आधीच चालू आहे का, हेही नावावरून पाहतात आणि नाव बदललेलं असलं की दुसरी प्रत उघडून बसतात. म्हणून माझी स्क्रिप्ट त्या एकाच प्रोग्रॅमच्या विंडोंना हात लावते, आणि विंडोत जे आहे तेच नावात सांगते.

लिनक्सच्या जगात याच प्रश्नाची दोन टोकं दिसतात. १९८७ पासूनची एक्स ११ ही विंडो-व्यवस्था इतकी मोकळी, की कुठलाही प्रोग्रॅम कुठल्याही विंडोचं नाव बदलू शकतो. डब्ल्यूएमकंट्रोल किंवा एक्सडूटूल असलं की एका ओळीचं काम. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ते दार बंद केलं. तिथे विंडोचं नाव तिचा मालकच ठरवतो आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची विंडो दिसतही नाही. सुरक्षिततेसाठी हे बरोबर आहे, हे मी मान्य करते. पण बंद झालेल्या त्याच दारातून अंध माणसांची मदतीची साधनं ये-जा करत होती, आणि त्यांना पुन्हा नव्याने वाटा शोधाव्या लागल्या. दार बंद करायचं तर आधी त्यांच्यासाठी वेगळं दार ठेवायला हवं होतं.

आता मराठीबद्दल. नवी नावं मराठीत ठेवायची, हे दादाने आणि मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आज हे सहज होतं: स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की झालं. पण हे नेहमी असं नव्हतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठी विंडोजमध्ये बऱ्याच लिपींचा आपापला संकेततक्ता असे; देवनागरीचा तसा तक्ता सिस्टिमसाठी कधी आलाच नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडच्या वाटेने, मंगल फाँटसह. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅममध्ये माथ्यावर मराठी लिहू गेलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. मधली कितीतरी वर्षं आपण इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेल्या फाँटांवर काढली. छापील कागदावर ते सुंदर दिसायचं. पण आत साठलेली असत ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं. त्या काळातली पत्रकं, परिपत्रकं, अगदी पुस्तकांच्या फाइलीसुद्धा स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. दादाला कार्यालयातून आजही अशा फाइली येतात. त्या मराठीत आहेत हे फक्त डोळस माणसाला पटतं.

म्हणून आता थोडं मागणं मागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा, अशी तरतूद आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२१ मध्ये आलं. वेबपानाला अर्थपूर्ण शीर्षक हवं, हे जागतिक निकषांत सर्वांत खालच्या पायरीवरच सांगितलेलं आहे. मात्र संगणकात बसवायच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत प्रोग्रॅमचं नाव दिलं तरी ते पुरेसं मानलं जातं, आणि दादाच्या त्या सगळ्या एकसारख्या विंडो तेवढ्यावर उत्तीर्ण होतात. नियमाने जिथे हात टेकले, तिथे खरेदी करणाऱ्याने बोलायला हवं. तुम्ही कार्यालयासाठी, बँकेसाठी, कॉलेजसाठी प्रणाली विकत घेत असाल, तर निविदेत एक ओळ घाला: प्रत्येक विंडोचं नाव वेगळं असावं आणि ते वेगळेपण नावाच्या पहिल्या शब्दात असावं. तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल, तर कंपनीचं नाव शेवटी न्या. दोन्ही ठिकाणी खर्च काही नाही. पैसे द्यायच्या आधी एनव्हीडीए उतरवून घ्या, तो फुकट आहे; मॉनिटर बंद करा, ऑल्ट-टॅब दाबा आणि काय ऐकू येतं ते ऐका.